आठ नंबरची नळी

पहाटे साडेचारला नळीत तार सोडली.
आकडा चढत गेला, बासष्टवर थांबला.
परवा एकेचाळीस होता.
डोंगर पेटलेला नाही अजून,
पण त्याच्या मनात आलंय.

यनकुलच्या मागे हा आम्हीच रचलेला डोंगर.
तांबं कधीच सोहारच्या बंदरातून गेलं,
मागे राहिलं ते हे.
पांढरा दगड गरीब. करडा, चालेल.
पण तो पिवळट चकाकणारा, गंधकाचा,
वारा लागला की तापतो,
पाणी लागलं की आंबतो,
त्याला लाल झेंडी.
तो पोटात ठेवायचा: दोन-दोन मीटरचे थर,
वर रोलर, वर चुनखडी, वर चिकणमाती.
मराठीत चुना लावणं म्हणजे फसवणं.
इथे चुना न लावणं.

माझं गाव घुग्घुस.
आई रात्री निखारा राखेत पुरायची,
सकाळी जिवंत सापडावा म्हणून.
मी पुरतो तो कधीच उठू नये म्हणून.
राखेला यातला फरक कोण सांगणार?

फेब्रुवारीतली एक रात्रपाळी.
अकरा डंपर. झेंडी माझी, सही माझी.
आतला रस्ता चिखलाने बंद,
आणि मला झोप अनावर.
दुर्मुहम्मदला म्हणालो, ओत इथूनच, कडेवरून.
त्याने आरशातून एकदा पाहिलं,
मग ओतलं.
उंचावरून ओतलं की मोठे धोंडे तळाला जातात,
फटी राहतात,
फटींतून वारा वर ओढला जातो, चुलीच्या धुराड्यासारखा.
नव्या पोरांना हे मीच शिकवतो,
फळ्यावर बाण काढून.

खाली वादीत खल्फान बिन सालिमची खजुरी,
चार लिंबाची झाडं, आणि फलजचं पाणी,
त्याच्या घराण्याला आठवड्यातून सहा तास.
महिन्यातून एकदा मी बाटली भरतो.
सात पूर्णांक आठ. अजून तरी.
डोंगराच्या पायथ्याच्या डबक्यात तीन पूर्णांक एक.
आंबटपणा लिंबाला शोभतो,
ओढ्याला नाही.

आज एक्स्कव्हेटर लावला.
बादली उघडली तशी ओढलेल्या काडीचा वास,
दगड वाफाळलेले, कडा विटकरी.
सपाटीवर पातळ पसरले, निवू दिले,
मी मोजत होतो.
खल्फान येऊन बाजूला उभा राहिला,
हातात पिशवीभर लिंबं.
काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.
एवढंच म्हणाला,
पाऊस यंदा लवकर आहे म्हणतात.

दुपारपर्यंत दहा डंपर भरले.
अकरावा सापडेना.
दुर्मुहम्मद म्हणाला, उस्ताद, दहाच असतील.
फॉर्मवर रकाना आहे: ओतलेले, काढलेले.
पहिल्यात माझ्याच अक्षरात अकरा.

पिशवी गाडीच्या टपावर ठेवली,
तार गुंडाळली,
आणि नऊ नंबरच्या नळीकडे निघालो.