निशाणी बांगडी

हारपे हे आडनाव आम्हाला कुठून लागलं
ते घरात कुणालाच सांगता येत नव्हतं.
शाळेत मास्तर विचारायचे, हारप्या, वही हारपली का रे आज?
वडील एवढंच म्हणत, आपल्यात कुणीतरी घारा होता.
मग पान लावत बसत.

डेपोतून निवृत्त झालो, तेव्हा सदरबझारच्या चर्चात गेलो.
पाळकसाहेबांनी कपाट उघडलं, कसर झटकली,
म्हणाले, आधी हात धुऊन या.
बाप्तिस्म्याची वही. अठराशे एकावन्न, जून.
मुलगा जोसाया. बाप थॉमस हार्पर, रस्त्याचा ओव्हरसियर.
आईच्या रकान्यात आडवी रेघ,
इतकी सरळ, की पट्टी धरून ओढली असावी.

मृत्युपत्राची नक्कल मुंबईहून यायला चौदा महिने लागले.
माणूस मोजूनमापून मेला होता.
घड्याळ विलायतेतल्या बहिणीला.
घोडी डॉक्टरला, खोगीर सोडून;
खोगीर वाण्याकडे गहाण.
जमीन मोजायची साखळी सरकारजमा.
'घर राखणाऱ्या बाईस' तीस रुपये आणि बांडी गाय,
गाभण असल्यास वासरासकट.
बाईचं नाव नाही.
गाईचं होतं. मॉली.

मी तिथेच थांबणार होतो.
पण कचेरीतल्या एका रुमालात
एक खरेदीखत निघालं, मोडीतलं.
ते घेऊन चिमणपुऱ्यात किर्पेकरांकडे गेलो.
तांदळातले खडे वेचावेत तसे ते अक्षरं वेचत होते,
भिंग सरकवत, मधेच खोकत:

शके सतराशे ब्याऐंशी. मौजे गोडोली.
पूर्वेस ओढा, पश्चिमेस पांदण, दक्षिणेस बाभूळ.
लिहून देणार साळू कोम कैलासवासी तामस हारपर साहेब.
पोर येसाजी दुखणाईत, औषधास पैका पाहिजे,
सबब जमीन बावन्न रुपयांस दिली असे.

कैलासवासी! मी हसलो.
साहेबाला कारकुनानं परस्पर कैलासावर पोचवलं होतं.
मग विचारलं, कोम म्हणजे?
किर्पेकरांनी भिंग खाली ठेवलं.
म्हणजे बायको. दुसरा अर्थ नाही त्याला.

चर्चनं जिथे पट्टी धरली
तिथे या कुणा कुलकर्ण्यानं दोन अक्षरं लिहिली.
तिनं सांगितली म्हणून?
का चार आणे जास्त घेऊन?
का टाक शाईत बुडवलेलाच होता
आणि विचारत बसायला दिवस उरला नव्हता?

खाली, निशाणी बांगडी.
एक गोळा, पुरता न जुळलेला.
नवरा मेलेल्या बाईच्या हातात
तेव्हा बांगडी होती की नव्हती, कोण जाणे.
कागदावर तरी कुणी फोडली नाही.

पुढे विलायतेच्या एका खेड्यातून पाकीट आलं.
थॉमसच्या आईबापांच्या लग्नाची नोंद:
बाप गाड्यांची चाकं करणारा. त्याची सही.
आईला लिहिता येत नव्हतं.
तिच्या नावापुढे फुली.

दोन्ही झेरॉक्स टेबलावर शेजारी ठेवल्या.
फुली. गोळा.
पाटीवर खेळायला बसलेल्या दोघी,
आणि पुढची खूण कुणी करायची ते ठरत नाहीये.

साळूचा बाप कोण, गाव कोणतं,
ते कुठल्याच रुमालात नाही. अजून शोधतोय.
येसाजी त्या दुखण्यातून उठला.
हे मी लिहितोय, म्हणजे उठलाच.

मागच्या रविवारी गोडोलीला गेलो होतो.
ओढ्याचं गटार झालंय. पांदणीवर डांबर.
बाभळीच्या जागी टायरचं दुकान, बाहेर
पंक्चर काढणारा एक पोरगा पाण्यात ट्यूब बुडवून
बुडबुडे बघत बसलेला.
मी बराच वेळ उभा होतो, म्हणून त्यानं विचारलं,
काका, जागा बघताय का?
नाही रे, म्हटलं.
विकून झाली.