हाडाचा पाणबुड्या

पोर्तो माँतच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी
बाबाचं डोकं पडद्यावर कापून दाखवलं,
पावासारखं, चकती चकती.
भुवईमागे एक पोकळी असते म्हणाल्या,
हवेची खोली. प्रत्येकाला असते.
बाबाच्या खोलीत कुणी तरी राहायला आलं होतं:
वाटाण्याएवढं, पांढरंफेक,
दाताहून कडक.

"निरुपद्रवी आहे. हाडालाच हाड फुटलंय.
पसरत नाही, सडत नाही, त्याला घाई नाही.
कितीतरी माणसं असलं काही कपाळात घेऊन
जन्मभर हिंडतात, त्यांना पत्ताही नसतो.
फक्त पाण्याखाली जाऊ नका. हवेचं दार अडलंय."

फक्त.

एकतीस वर्षं रबरी नळीच्या टोकाला जगलेला
रोसामेल नाउएल्किन
पायऱ्या उतरला आणि लोकरी टोपी
भुवयांपर्यंत ओढून घेतली,
कुणी वाचू नये म्हणून.

तरी नोव्हेंबरात गेलाच.
मी होडीत, कॉम्प्रेसरपाशी, नळी हातात.
नळीला नाडी असते. मला ती कळते:
आता चालतोय, आता वाकलाय,
आता खडकावरून काटेरी गोळे खरवडतोय.
त्या दिवशी चौथ्या वावालाच नळी थबकली.
मग दोन झटके.

वर आला तेव्हा चष्म्यात रक्त,
फार नाही, चहाचा चमचाभर.
"आत कुणी तरी सुतारकाम करतंय,"
म्हणाला, आणि हसायला गेला,
आणि कपाळ धरून बसला.

शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या मार्चातली. कदाचित जूनमधली.
तोवर कर्जाचं इंजिन, धाकट्याची शाळा,
आणि त्याचा जाड सूट, जो मला
कमरेत सैल, खांद्यांत बरोबर.

आता मी खाली असते.
पाणी हिरवं, मग तपकिरी, मग नुसतं थंड.
तिसऱ्या वावाशी माझ्याही भुवईमागे
काही तरी दाबल्यासारखं होतं
आणि मी थांबते,
त्या रिकाम्या खोलीत कान लावून.

वर तो. नळी हातात. त्याला कळतं मी थांबलेय.
ओढत नाही. वाट बघतो.

संध्याकाळी जाळी रिकामी करताना,
माझ्याकडे न बघता, विचारतो:
"बोलतं का गं काही, कपाळात?"

"नाही," मी म्हणते.

तो टोपी काढतो, कपाळ खाजवतो,
परत घालतो.