उसना सदरा

दोमितिला चानामे, वय त्रेपन्न.
त्रुहियोच्या बाजारात सत्तावीस वर्षं कोंबड्या कापते.
परवापासून सुरी हातात ठरेना.
त्याआधी पाय.
त्याआधी मुंग्यांची वरात,
बोटांतून घोट्यात, घोट्यातून पोटरीत,
"वाजंत्री तेवढी नव्हती, डॉक्टर."

मी डॉक्टर नाही. रात्रपाळीची फिजिओ.
तिचे गुडघे वाकवायचे, सरळ करायचे,
आणि दर दोन तासांनी विचारायचं :
एका श्वासात कितीपर्यंत मोजता येतं?
काल एकवीस. पहाटे चौदा.

दहा दिवसांपूर्वी पोट बिघडलं होतं, भाचीच्या बाप्तिस्म्यानंतर.
तीन दिवसांत बरी झाली. विसरलीसुद्धा.
जंतू गेला,
पण तो आला होता उसन्या सदऱ्यात,
मज्जातंतूंच्याच कापडाचा, काजाबटणांसकट हुबेहूब.
रक्तातल्या पहारेकऱ्यांनी चेहरा पाहिलाच नाही,
सदरा लक्षात ठेवला.
आता अंगात जिथं ते कापड दिसेल तिथं काठी.
चोर सोडून संन्याशाला सुळी,
आणि संन्यासी घरचाच.

डॉक्टर पुमारिका देशोदेशी हाच आजार बघून आल्यात.
हपेईच्या खेड्यांत तो उन्हाळ्यात यायचा, पोरांना.
मका डोक्याच्या वर, अंगणात कोंबड्या,
आणि सकाळी एक पोर चपला घालायला जातं तर
पाय आहेत, पण त्याचे नाहीत.
कागोशिमात कुणी हौसेनं कच्ची कोंबडी खाल्लेली.
ढाक्यात वीज गेली की थोरला भाऊ रबरी फुगा दाबत बसायचा,
धाकट्याच्या वाटणीचा श्वास घेत,
डोळा लागू नये म्हणून मोठ्यानं पाढे म्हणत.
सतराचा पाढा, म्हणाल्या, मला त्या रात्री पाठ झाला.

दोमितिला मला जवळ बोलावते.
मला वाटतं, विचारेल : मी चालेन का?
बहुतेक जण चालतात, हे उत्तर मी तयार ठेवलंय,
त्यातला 'बहुतेक' हळू म्हणायचा सराव आहे मला.
ती म्हणते, "कोंबडीचं नाव बाजारात काढू नका हं.
गिऱ्हाईक तुटेल."

नाही काढणार. मोजा आता.

ती छताकडे बघते. एक, दोन,
जणू पिसं सोलून पक्षी ओळीनं मांडतेय.
नऊवर हवा संपते.
दहा माझ्याच तोंडून निघून जातं.

कागदावर मी नऊ लिहिते.