बिनमालकाचा कप

सुरुवात पृथ्वीपासून झाली नाही,
उगाच मोठेपणा नको.
सुरुवात झाली एकशेचाळीस युरोंपासून.
मधपाळ संघाची वार्षिक सभा, माणसं एकाहत्तर,
आणि तिजोरी म्हणजे माझ्या फडताळातला
बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

गेल्या वर्षी सगळे घरी गेले, तेव्हा
माझ्याजवळ सहा पोती उरली:
ताटल्या, पेले, एका घोटासाठी जन्मलेल्या बाटल्या.
आमच्या स्लोव्हेनियातल्या या दरीत
कचऱ्याला पोत्यामागे पैसे पडतात.
वसंतात पेट्यांपुढचं गवत कापताना
विळ्याला पांढरा प्लास्टिकचा काटा लागला.
त्यावर एक माशी बसलेली.
तिचं काय चाललं होतं, मला विचारू नका.
मी काटा उचलला आणि दिवसभर
एप्रनच्या खिशात घेऊन हिंडले.

म्हणून जानेवारीतच चिठ्ठ्या लिहिल्या,
जुन्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर:
आपला कप आपण आणावा. ताटलीही.
येताना शेजाऱ्याला गाडीत घ्यावं, भांडण असलं तरी.
सभा दुपारी दोनला, दिवे लावावे लागणार नाहीत.
बोगोमिर म्हणाला,
‘तशीही आपली कार्यकारिणी कुठे दिवे लावते!’

जागा अग्निशमन दलाची, फुकट,
बंबाला खेटून बसायचं एवढंच.
फलक तोच कापडी; सालाचं ठिगळ मात्र दरवर्षी नवं,
जुन्यावरच शिवायचं.
आता तिथे बोट दाबलं तर उशीसारखं लागतं.

आणि कप आले.
रोझालियाचा सोनेरी कडेचा, लग्नातला.
लुडविकचा लष्करातला पत्र्याचा मग.
कुणाचा हरलेल्या फुटबॉल संघाचा.
क्सावेर थर्मासचं झाकण घेऊन आला,
नऊ किलोमीटर, एकटाच, मोठ्या गाडीतून,
पाठदुखीचं निमित्त सांगत.
त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

लिंडनच्या फुलांचा चहा, कुट्टूचा पाव, तळघरातली सफरचंदं.
मधाला तोटा नव्हता,
मतांना तर नव्हताच.

मग कृषी कचेरीतले तरुण साहेब आले,
विषय: पर्यावरण आणि आपण.
त्यांच्या मागोमाग ड्रायव्हर,
खांद्यावर बाटलीबंद पाण्याची दोन खोकी,
संघाला सप्रेम भेट.
हसू नका, असं मी डोळ्यांनी बजावलं.
कुणी ऐकलं नाही.
साहेबांचे कान लाल झाले,
खोकी आल्या पावली डिकीत गेली,
आणि त्यांच्यासमोर टेबल रिकामं.

तेव्हा नेझा उठली.
तिने पिशवीतून दोन कप आणले होते.
एक तिचा. दुसरा निळा, कडेला टवका उडालेला,
ओझबाल्टचा.
तो नोव्हेंबरमध्ये गेला हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं,
साहेबांना नव्हतं.
त्यांनी टवका पलीकडे फिरवला,
चहा प्यायले, आणखी मागितला.
सभागृहात इतकं शांत झालं की
बंबाखाली कुठेतरी ठिबकणारं पाणी ऐकू आलं.

भांडी पुरुषांनी पुसली.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा,
आणि प्रत्येकाने दुसऱ्याला पुसायचं कसं ते शिकवलं.

खर्च एकशे नऊ युरो. शिल्लक एकतीस.
कचरा: अर्धी बादली, तीही सालींची,
ती रोझालियाच्या कोंबड्यांनी मंजूर केली.
हिशेब जुळला.

फक्त ओट्यावर एक कप राहिला.
निळा. टवका उडालेला.
मी नेझाला फोन केला.
‘माझा नाही,’ ती म्हणाली.
मी म्हटलं, ‘नेझा.’
ती म्हणाली, ‘माझे कप माझ्या घरी आहेत, टिल्का.
तो संघाचा असेल.
पुढच्या वर्षी कुणीतरी विसरेलच.’

मालमत्तेच्या वहीत आता लिहिलं आहे:
फलक एक, किटल्या दोन, कप एक.
किमतीचा रकाना
अजून कोराच आहे.