पाणी तापत नाही त्याची कारणं

सलग तिसरी सकाळ. गरम पाण्याच्या नळाखाली
बोटं आखडतात.
अमळनेरचा पारा सहावर,
आणि गच्चीवर दोनशे लिटरची सोलर टाकी
उन्हाकडे तोंड करून बसलेली,
बाजारात न खपलेल्या म्हशीसारखी.

रईस पिंजारी येऊन गेला. म्हणाला,
क्षार, ताई.
बोअरचं पाणी तुमचं, नळ्या आतून बुजल्या.
ॲसिड टाकू, नाही मोकळ्या झाल्या तर बदलू.
बावीसशे. उद्या दुपारी येतो.
नाना जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होते.
'उद्या' ऐकून उठले.

नाना गिरणीत बॉयलरवर होते, एकतीस वर्षं.
भोंगा कायमचा बंद झाला तेव्हा मी नववीत.
तिथून त्यांनी घरी आणलं ते एवढंच:
एक सोळा-सतराचा पाना,
दोन पॉकेट डायऱ्या,
आणि तापलेल्या कुठल्याही वस्तूकडे
पाठ करून उभं न राहण्याची सवय.

गुडघे वाजतात आता. जिना दोनदा थांबून चढले.
टाकीला कान लावला.
मग पालथा हात पाइपवरून सरकवत नेला,
पोराचा ताप बघतात तसा.
इथं गार. इथं गार.
इथं कोमट.
इथं पुन्हा गार.
व्हेंटच्या तोंडाशी कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं,
ते पान्याच्या टोकानं फोडलं,
तर चष्म्यावर वाफ धरली.
"जित्ती शे," म्हणाले. "पानी हालत नही."

आम्हा दोघांना वाटलं, झालं, हवाच अडकली होती.
मी खाली धावले. नळ सोडला.
गार.

रईस म्हणतो तेच असेल, मी म्हटलं.
नाना बोलले नाहीत.
मी चहा घेऊन वर गेले तर
टाकी आणि कठड्याच्या फटीत आडवे पडलेले,
फक्त पाय बाहेर,
एकाच पायात मोजा.

तिथं एक व्हॉल्व्ह होता, लाल चाकाचा.
बंद.
त्याला काळ्या टेपनं बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा,
अक्षर डायरीतलंच, तिरपं, घाईचं:
'१४ मे. सकाळी ११. नळाचं पाणी हात भाजतं.
सोलर बंद, बायपास चालू.
दिवाळीनंतर उघडणे. सु. न. बडगुजर.'

मला तो मे आठवला. पंचेचाळीसच्या वर,
आंघोळीची बादली रात्रीच भरून ठेवायची,
सकाळपर्यंत निवली तर निवली.
मग एका दिवसापासून
पाणी जरा सोसवायला लागलं होतं.
कुणी काय केलं, मी विचारलंच नव्हतं.
आणि नानांना ते आठवत नव्हतं.

पुठ्ठा त्यांनी दोनदा वाचला,
पाळी बदलताना आधीच्या माणसाची नोंद वाचतात तसा.
"चांगला मानूस व्हता," म्हणाले,
"लिखी ठेयेल शे."
मी हसले. ते हसले की नाही,
कानटोपीत कळलं नाही.

चाक जाम होतं. पाना लावला,
अर्धा फेरा, एक शिवी, अर्धा फेरा.
आत कुठेतरी गुरगुरलं.
पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला त्यांनी तारीख घातली,
वेळ घातली, 'उघडला' लिहिलं,
आणि सहीच्या जागी थांबून
पेन माझ्यापुढे धरला.
"पाळी आते तुनी."

रईसला फोन केला, उद्या येऊ नकोस.
काय निघालं, ताई?
मी म्हटलं, मे महिना.

खाली नळ आधी खोकला,
मग तांबूस, मग स्वच्छ, मग वाफ.
नाना बादलीशी स्टूल घेऊन बसले,
हात पाण्यात नाही,
पाण्याच्या वर, वीतभर.
किती तापलंय ते
तिथूनच सांगत होते.