दांडीचा मध्य

दांडीचा मध्य मधोमध नसतो.
एका टोकाला रबराचा जाड गोळा, दुसऱ्याला बारीक बोंड,
म्हणून बोट आडवं धरायचं, दांडी त्यावर ठेवायची
आणि ती आपणहून थांबेल तिथं
निळी चिकटपट्टी गुंडाळायची.
नव्या मुलीला पहिल्या दिवशी मी एवढंच शिकवते.
उरलेला तास ती जमिनीवरून दांडी उचलत राहते.

यंदाची रचना मी भट्टीसमोर बांधली,
पहाटे चार ते सहा, पाव फुगत असताना,
लाटण्यानं.
फळीवरच्या पिठात बोटानं खुणा:
आडवा आठ म्हणजे मनगट,
फुली म्हणजे पाठीमागून हातबदल,
नुसतं टिंब म्हणजे
वर सोडून दे.
रेमी आला आणि त्याच पिठावर कणकेचा गोळा आपटला.
संध्याकाळी गल्ला मोजताना म्हणाला,
तुझा तिसरा भाग आज खपला, लोकांना आवडला.
मी तो परत बांधला. पहिल्यासारखा नाही जमला.

लुदिवीन शिमचाक, वय चौदा.
तिच्या पणज्याचा बाप पोलंडहून इथं उत्तरेत कोळशासाठी आला.
आता कोळसा नाही.
गावाबाहेर काळ्या मातीचे दोन डोंगर आहेत, त्यांवर भूर्जाची झाडं,
आणि खाणकामगारांचं न्हाणीघर आहे,
जिथं साखळ्यांनी कपडे वर, थेट छतापर्यंत ओढून टांगत.
केवढी उंची!
तिथं तीन गिरक्या आरामात बसल्या असत्या.
पण त्याला कुलूप आहे, पाटी आहे, तिकीट आहे.
आम्ही शाळेच्या जेवणघरात, खुर्च्या भिंतीला लावून.
तिथं दोनच गिरक्या मावतात.
तिसरीची साक्ष दिव्याच्या जाळीवरचा पोचा देतो.

मग सुपरमार्केटच्या मागं, गाड्या नसताना.
लुदिवीननं दांडी फेकली, वर पाहिलं
आणि तशीच उभी राहिली, हात लोंबत.
आत मी तिसऱ्या दिव्याकडे बघते, म्हणाली,
इथं काहीच नाही.
खरंय. आभाळाला खूण नसते.
शेवटी तिनंच शोधून काढलं:
दांडीचं बोंड डोंगराच्या शेंड्यावर आलं
की वळायचं, मागं न बघता हात उघडायचा.
बावीस दिवस ती डोंगराच्या भरवशावर झेलत होती.

जूनची जत्रा. वारा.
ढोलवाला फाब्रिस दोन बियर पोटात टाकून आलेला,
आठ मात्रा सहांत कोंबत होता.
अकरा मुली, पांढरे बूट, एकीचा बंद सुटलेला.
आणि टिंब मी ठेवलं होतं औषधाच्या दुकानाच्या वळणावर,
कारण तिथं गर्दी असते.
तिथून डोंगर दिसत नाही.
हे मला तिचा खांदा खाली गेला तेव्हा आठवलं.

दांडी गेली.
एक. दोन.
लुदिवीननं वर पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही.
वळली, हात उघडला,
आणि गोळ्यापाशी, अगदी टोकाला,
जिथं कुणी धरू नये तिथं
धरली.
पुढच्या चार मात्रा तिची दांडी लंगडत फिरली,
मग बोटांखालून सरकत सरकत निळ्या पट्टीवर आली.
लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या
शेवटच्या रांगेतल्या छोटीला, जी आईला हात करत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला
मी लाटणं बोटावर ठेवून पाहिलं.
त्याचा मध्य अगदी मधोमध.
पीठ पसरलं, त्यावर अजून काही काढलं नव्हतं.
रेमी म्हणाला, सरक जरा.