पालथी शिळा

पहिले तीन आठवडे तिनं मला ठशांना हात लावू दिला नाही.
फक्त पाणी.
स्पंज पिळायचा, कातड्यावरून फिरवायचा,
पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवायचं
आणि सकाळी गालाला लावून बघायचं.
"गार लागलं पाहिजे, ओलं नाही,"
थेडा लुंडग्रेन म्हणायची,
"ताप उतरलेल्या पोराच्या कपाळासारखं."
मला पोर नव्हतं.
मी आपला गाल लावून बसायचो,
खिडकीबाहेर बिग हॉर्नच्या डोंगरावर
बर्फ थराथरानं चढत जायचा.

त्याआधी चार वर्षं नेब्रास्कात
कत्तलखान्याच्या सरकत्या पट्ट्याशी उभा होतो.
मिनिटाला किती जनावरं, ते सांगत नाही.
सुरी हातात आपोआप चालायची,
आणि नेमकं तेच थेडाला खुपायचं.
"काय कसाईबुवा, घाई कुणाची?
हे जनावर आता कुठं पळून जाणार आहे?"

कातडं आमच्याकडे कमावलेलंच यायचं.
हात तेवढा कमवायचा राहिला होता.

रापी बोटभर, मानेत फिरणारी.
तर्जनी वर टेकवायची, अंगठ्यानं वळवायची,
रानगुलाबाची पाकळी एका दमात कापायची,
आधी खोल, मग हलकी, मग आणखी हलकी,
शेवटी पातं उचललं कधी
ते कातड्यालाही कळता कामा नये.
माझ्या पाकळ्यांची कोबीची पानं व्हायची.
देठ कुंपणाच्या तारेसारखे.
थेडा तुकडा उचलायची, शेगडीत टाकायची,
आणि संध्याकाळपर्यंत दुकानभर
जळक्या केसांचा वास.

तिला डाव्या कानानं मुळीच ऐकू येत नसे,
उजव्यानं तिच्या मर्जीप्रमाणे.
मी ठसा धरून मोगरी हाणू लागलो
की ती खालच्या काळ्या दगडावर तळहात पसरायची.
"हा पोकळ गेला."
बघावं तर खरंच ठसा तिरका,
एका अंगानं खोल, दुसऱ्या अंगानं उपाशी.

मार्चमध्ये गिऱ्हाइकाचं पहिलं काम मिळालं.
रोडिओत पिंपांभोवती घोडी पळवणाऱ्या पोरीचा पट्टा,
दोन्हीकडे गुलाब, पाठीवर नाव. अर्नेस्टीन.
गुलाब साधले. पहिल्यांदाच साधले.
त्या खुशीत नाव कापलं,
आणि नऊ अक्षरांच्या नावात
आठच मोजली गेली.

मी पाणी चोळलं. नखानं दाबलं.
चीर मिटल्यासारखी झाली, वाळल्यावर पुन्हा उघडली.

थेडा कितीतरी वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, "या टोकाला धर."
दोघांनी मिळून तो दगड उलटा केला.
खालच्या अंगाला एक नाव कोरलेलं,
जन्म, मृत्यू, गव्हाची लोंबी,
आणि आडनावातलं मधलं एक अक्षर गाळलेलं.
"माझ्या बापानं दहा डॉलरला आणला,
पाथरवटाच्या अंगणात पडून होता.
माणूस दुसऱ्या दगडाखाली आहे, नीट अक्षरांच्या.
सगळे शिकाऊ याच्याच पाठीवर ठोकून गेले. मीसुद्धा.
चल, पालथा कर. कंबर धरली माझी."

तो पट्टा तिनं वीतभर कापला,
बक्कल लावलं,
दुकानातल्या बिननावाच्या कुत्रीच्या गळ्यात अडकवला.
मी नवं कातडं भिजवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गालाला लावलं. गार.
थेडानं दगडावर हात ठेवला,
आणि पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत
काही म्हणजे काही बोलली नाही.
मधेच डोळा लागला होता की काय, कुणास ठाऊक.

जूनमध्ये पोरगी पट्टा न्यायला आली,
बुटांना लाल माती, मनगटावर प्लास्टर.
मी आतून हाक मारली, "अर्नेस्टीन!"
काउंटरपाशी ती वळली,
आणि टेबलाखालून, आळस देत,
दुसरीही उठली.